बटणावर मी होते

बाबा, तुमचा आवाज दिवाळीपासून माझ्या घरात होता. आता नाही. तो कसा आला आणि कसा गेला हे तुम्हाला सांगायला हवं, कारण दुसऱ्या कोणाला ते नीट सांगता येत नाही. दुपारचं जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली आणि हिशेबाच्या वहीची मागची कोरी पानं काढून बसले. फोटोतल्या तुमच्या वयापेक्षा मी आता मोठी झाले आहे, तरी तुम्हाला लिहिताना अक्षर नीट काढावं असं वाटतं. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी तुम्ही लाकडाच्या डेपोतल्या सगळ्यांना गूळ वाटला होता आणि घरी येऊन मला म्हणाले होते, "अक्षर मात्र सुधर."

तुमच्या कॅसेटी माझ्याकडे होत्या हे तुम्हाला ठाऊक नसेल. आई गेल्यावर भावाने घर आवरलं तेव्हा मी भांडी मागितली नाहीत, लुगडी मागितली नाहीत, ती पत्र्याची पेटी तेवढी घेऊन राजुऱ्याला आले. तुमच्या मंडळाच्या गुरुवारच्या भजनांच्या अकरा कॅसेटी. प्रत्येकीवर कागदाची पट्टी, तीवर तुमचं जाड, उभं अक्षर, डेपोत सागाच्या ओंडक्यावर नंबर टाकायचे तसंच. वाजवायला माझ्याकडे टेप नव्हता. घरात ठेवायच्या, दसऱ्याला फडक्याने पुसायच्या, हळदीकुंकू लावून परत पेटीत. मुलीचे बाबा हसायचे, "ऐकत त नाईस, पूजाच करत राह्यतेस." ते जाऊनही आता चार वर्षं झाली.

दिवाळीत मुलगी हैद्राबादहून आली तेव्हा तिने पेटी उघडली. एका कॅसेटीच्या आत पांढरी बुरशी दिसत होती. म्हणाली, "आई, अशाच ठेवशील त एक दिवस सगळ्या मुक्या होऊन जातीन." कुठूनतरी जुना टेप मिळवला आणि त्याची वायर आपल्या लॅपटॉपला जोडली. मग आपल्या पिशवीतून एक वस्तू काढून ओट्यावर ठेवली. दोन काडीपेट्या शेजारी ठेवाव्या एवढी. मला वाटलं चार्जर असेल. म्हणाली, "हा कंप्युटर आहे." मी म्हटलं, "अन् टीव्ही कुठी आहे त्याचा?" तर म्हणे याला टीव्ही लागत नाही, पंखा लागत नाही, अगदी स्वस्तातला असतो, याने फक्त गाणी सांभाळायची आणि मागितली की द्यायची. घरातल्या वायफायवरून माझ्या फोनला देईल, स्वयंपाकघरातल्या स्पीकरला देईल. त्याच्या पोटात नखाएवढं कार्ड असतं, त्यात सगळं राहतं. शेजारच्या भाभी बघायला आल्या. डबी तळहातावर घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "अरे बाई, इतनीसी डिबिया में तुमारी पूरी भजन मंडली बैठी? ढोलक को जगा कैसे मिली?"

मला तुमची आठवण आली. तुम्ही टेप खिडकीत ठेवायचे, तोंड रस्त्याकडे करून, म्हणजे विहिरीवरच्या बायांनाही ऐकू जावं. डेपोच्या क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीत एकच टेप होता, पण ऐकायचं सगळ्यांनी.

एका तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो, घाई चालत नाही. मुलगी बटण दाबून द्यायची आणि समोरच्या खोलीत ऑफिसच्या फोनवर बोलत बसायची. मी चकलीचं पीठ मळत टेपाजवळ. अशा सहा कॅसेटी झाल्या. सगळ्यांत तुमचं भजन, खंजेरी, टाळ, मधेच कोणाचं खोकणं, आणि शेवटी तुम्ही सगळ्यांची नावं घेता ते. खंजेरीवर अमुक, टाळावर अमुक, पेटीवर अमुक. जे रानातल्या कॅम्पवर असायचे त्यांना नंतर ऐकता यावं की आज कोण कोण बसलं होतं, म्हणून. सातवी लावली तेव्हा माझे हात पिठात होते. भजन संपलं, खंजेरीची शेवटची थाप पडली, आणि तुम्ही माझ्याशी बोलले.

"राहू दे माय, झालं नाई अजून."

आणि मग टक्. पुढे नुसती खरखर.

पुढच्या क्षणी टेपाने कर्र आवाज केला आणि रीळ आतल्या आत गुंडाळली गेली. मुलगी धावत आली. काढता काढता रिळीचे तुकडे झाले, काळी भुकटी तिच्या बोटांना लागली. ती म्हणाली, "जाऊ दे, उतरलं आहे तेवढं." तुम्ही काय बोलले ते तिने ऐकलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते आता कळत नाही. तुम्ही मला एकटीला बोलले होते, कदाचित म्हणून.

तो गुरुवार मला जसाच्या तसा आठवतो. मी बारा वर्षांची आहे. टेपाचं बटण माझ्याकडे आहे, कारण तुम्हीच दिलं आहे. तुम्ही सांगितलं आहे, गाणं झालं की लगेच दाबायचं, रीळ वाया जाऊ द्यायची नाही. गाण्याच्या शेवटी तुम्ही माझ्याकडे बघता आणि मी दाबते. मंडळातले काका म्हणतात, साहेब झाली पोरगी. त्या दिवशी तुम्ही भजन संपवता आणि श्वास घ्यायला थांबता. माझा हात पुढे जातो. तुम्ही म्हणता, राहू दे माय, झालं नाई अजून. सगळे माझ्याकडे बघतात. मला एवढी लाज वाटते की हात मागे यायच्या ऐवजी खालीच जातो. कोणीतरी हसतं, "काय वो बाई, पगार कापा लागन तुहा." तुम्ही हसत नाही. "दाबूच नको म्हणलं न," एवढंच म्हणता, तेही हळू. पण तुम्ही मला चारचौघांत कधी बोलले नव्हते. मी उठून स्वयंपाकघरात जाते.

आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. मी लाकडं सारायच्या निमित्ताने चुलीकडे तोंड करून बसते. मंडळी गेल्यावर तुम्ही दारात येऊन उभे राहता, मग हात धुवायला जाता. आई हळूच म्हणते, "अवं, रडतेस काऊन? तुहंच नाव घेणार होते ते. मघाशीच मले म्हणत होते, आज शेवटी म्हणतो, बटणावर माही पोरगी. कॅम्पवाल्यांले बी समजू दे."

बाबा, दुसऱ्या गुरुवारी तुम्ही मला हाक मारली आणि मी अभ्यास आहे म्हणाले. तिसऱ्या गुरुवारीही. नंतर तुम्ही हाक मारायचं सोडलं आणि बटण स्वतःच दाबू लागले. पुढच्या चार कॅसेटींत नावं घेऊन झाली की तुमच्या मांडीचा आवाज येतो, तुम्ही टेपाकडे सरकता तो. मी तो आवाज ओळखते. लग्न होऊन इकडे आले तोवर मी त्या यंत्राला पुन्हा हात लावला नाही. रुसवा आठ दिवसांत गेला होता. नंतर नुसतं राहून गेलं.

तर ती डबी. मुलीने ती देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवर ठेवली, तिथे प्लग आहे म्हणून. लाल दिवा म्हणजे करंट आहे. हिरवा लुकलुकतो म्हणजे ती काम करते आहे. म्हणाली, "आई, हे चोवीस तास चालू राहू दे. पाच वॅट समज फक्त." मी म्हटलं, "पाच वॅट बी वॅटच असते." तिने कपाळाला हात लावला. "बरं, बंदच करायचं असलं त फोनवर इथी दाबायचं, मग हिरवा दिवा थांबेपर्यंत वाट पाहायची, मग बटण. एकदम बटण नाई. तू समईवर फुंकर मारतेस का? नाई न? फूल लावून शांत करतेस. तसं." एवढं सांगितल्यावर मला समजलं. मी वहीत लिहून घेतलं, एक दोन तीन. ती म्हणाली, लॅपटॉप ऑफिसचा आहे, त्यात घरचं काही ठेवता येत नाही, पुसावं लागेल, पुढच्या खेपेला दुसरी प्रत काढून देते. आणि गेली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगू का? सकाळी पूजा करताना पहिली कॅसेट. भाजी चिरताना तिसरी. तुमची मंडळी माझ्या घरात रोज बसायची. बाहेर कोळशाचे ट्रक जातात, त्यांची धूळ मी दिवसातून दोनदा पुसते, पुसताना टाळ ऐकू यायचे. सातवी मात्र मी जेवताना लावायची. एकटीचं ताट वाढलं की समोर कोणी नसतं. तुमचं भजन संपायचं आणि तुम्ही म्हणायचे, राहू दे माय, झालं नाई अजून. मी म्हणायची, हो बाबा, बसली आहे. मग जेवायची. मुलीचा फोन रविवारी येतो, दहा मिनिटं. ती विचारते, गाणी ऐकतेस न? मी म्हणते, ऐकतो न.

चैत्रात नणंदेकडे जिवतीजवळच्या गावी सप्ताह होता. तीन दिवसांसाठी निघाले. घर सोडताना चूल, पाणी, दिवा पाहून निघायचं हे तुम्ही शिकवलेलं, मी चाळीस वर्षं चुकवलेलं नाही. शेगडी पाहिली, नळ पाहिला. दाराशी ऑटोवाला हॉर्न मारत होता, "काकू, गाडी चुकन!" मेनचं बटण दाराजवळच आहे. हात वर गेला तेव्हा फळीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. बाबा, मी तो पाहिला. फोन पिशवीत तळाशी होता. काढायचा, चष्मा लावायचा, दाबायचं, वाट पाहायची. तीन दिवस रिकाम्या घरात करंट कशाला, आणि एवढ्याने काय होते, असं मनात आलं. मी बटण खाली केलं.

परत आले. मेन चालू केलं. लाल दिवा लागला. हिरवा लागला नाही. फोनवर नुसतं गोल फिरत राहिलं.

मुलीला सांगितलं. तिने पहिलं हेच विचारलं, "लाइट गेली होती का?"

मी म्हटलं, "हो न, गेली होती. तीन दिवस घरी नव्हती मी."

सप्ताह ऐकून आले होते, तोंडात अजून नाम होतं, आणि पहिलं वाक्य खोटं बोलले.

ती म्हणाली कार्ड पाठव, काही निघतं का बघते. भाभी जावयाकडे हैद्राबादला निघाल्या होत्या, बल्लारशाहून गाडी. नखाएवढं कार्ड कुठे ठेवायचं यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी भाभींनी चष्म्याची डबी उघडली. "इसमें रखती. चष्मा भूलूंगी, डब्बा नई." मी म्हटलं, "भाभी, जपून." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा थांबवली. "अब्बा हैं ना इसमें? मालूम है मेरेकू."

काल रविवार होता. मुलीचा फोन आला. आवाज आनंदी. "आई, दहा कॅसेटी जशाच्या तशा निघाल्या! सातवीच तेवढी शेवटी तुटते. भजन चालतं, शेवटच्या थापेपर्यंत येतं, अन् बंद. खूप प्रयत्न केला." मग म्हणाली, "बाकी सगळ्यांत आजोबा शेवटी नावं घेतात. सातवीतली नावं गेली वाटतं ग त्यात."

"त्यात नावं नव्हतीच," मी म्हटलं. "बटणावर मी होते."

"मंजे?"

"लहान होती. लवकर दाबलं."

ती हसली. "बरं झालं, मंजे काहीच गेलं नाई म्हण की."

"नाई. काही नाई गेलं."

तिला काय सांगायचं? की सहा शब्द होते? की त्या सहा शब्दांसमोर मी पाच महिने जेवले? ती तिथे एकटी, मी इथे एकटी, तिने रात्रीची झोप सोडून दहा कॅसेटी परत आणल्या. तिच्या तोंडावर मी हे कसं टाकू? तुम्ही दोन्ही वेळा सांगितलं होतं की झालं नाही अजून. मी दोन्ही वेळा दाबलं. पहिल्यांदा लाजेने, दुसऱ्यांदा काटकसरीने.

आज जेवताना मी ते शब्द स्वतःच म्हणून पाहिले. तुमच्यासारखे निघाले नाहीत, आईसारखे निघाले.

मुलगी अक्षय तृतीयेला येणार आहे, कार्ड घेऊन, आणि आणखी एक प्रतही. तोवर डबी फळीवर तशीच आहे, पोटात काही नसलेली. तरी प्लग लावला की तिचा लाल दिवा लागतो. कार्ड भाभींच्या हाती दिलं त्या दिवसापासून तो लागलेला आहे. पाच वॅट बी वॅटच असते हे मला कळतं. झाडून काढताना रोज हात बटणाकडे जातो. मी बंद केलेलं नाही.