बंद यंत्रांना रोज तेल

घरच्या कारभाऱ्यांना वाकून नमस्कार,

मी बरी आहे. नात चालायला लागली. तुमचं खोकल्याचं औषध पोटात जातंय की नुसतंच कपाटात मिरवतंय?

थोरला कामाला आहे तो कारखाना पाहून आले. नवीकोरी यंत्रं ओळीनं उभी आहेत, पण एकही चालू नाही. गंजू नयेत म्हणून आपला लेक आणि तिघं कामगार रोज ती तेलाच्या फडक्यानं पुसतात. पगार अर्ध्यावर आलाय.

घरी आल्यावर मी विचारलं, "चालवत का नाही रे?"

म्हणाला, "आई, पैसा परदेशातल्यांनी घातला होता. त्यांच्याकडे बँकेचं व्याज वाढलं, तसा त्यांनी तो काढून तिकडे नेला. आपलं चलनही घसरलं. यंत्रांचे उरलेले भाग बाहेरून आणणं आता परवडत नाही."

"म्हणजे तिकडच्या साहेबानं व्याज वाढवलं आणि इकडं तुझ्या हातात फडकं आलं?"

तो हसला नाही. सुनेनं भाजी निवडताना मानही वर केली नाही.

"घरी यातलं काही लिहू नकोस," असं त्यानं बजावलंय. म्हणूनच लिहिते. धाकटा तिथली नोकरी सोडून इथं कामाला यायचं म्हणतोय ना? त्याला अडवा. थोरला लाजेपायी त्याला फोनवर "ये" म्हणेल, ते ऐकू नका.

आणि राजीनामा देऊन बसला असेल, तर पत्र वाचून झाल्या झाल्या तुम्ही स्वतः त्याच्या मालकाकडे जा आणि तो परत मागा. कुणापुढे हात जोडणं तुमच्या जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. तरी जा.

तुमचीच,
नातीची आजी