गच्चीवरचा डबा

ताई,

सणाच्या रोषणाईचे दोन्ही कंट्रोलरचे डबे जोडलेत. गेटवरचे दिवे लागले की गच्चीवरचे जरा उशिरानेच लागायचे. मला वाटलं, बिघाड आहे. शहाणपणा करून काल दोन्ही एका तालावर आणले आणि बाबांना दाखवायला बाहेर बोलावलं. ते आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. म्हणाले, "आजारपणात तिला मान गेटाकडून गच्चीकडे वळवायला तेवढा वेळ लागायचा रे." मग जेवलेच नाहीत.

मी कामावर निघालोय. गच्चीवरच्या डब्याचं डावं बटण फिरवून तिथले दिवे आधीसारखे जरा मागे पाड. बाबांचा चहा थर्मासमध्ये आहे. त्यांनी विचारलंच तर सांग, जुना डबा आहे, आपोआप मागे पडतो.