चुकीची कारणे

६ जानेवारी १९३६

नियम! नुसते नियम! बोरामणीकर मास्तर मुंबईहून शिकून आलेत, आता तेच आमची प्रयोगशाळा घेणार म्हणून आम्ही सगळे खूश होतो. आज त्यांनी यंत्राला हातसुद्धा लावू दिला नाही. जर्नल कसं लिहायचं यावरच सगळा तास गेला. शाईनंच लिहायचं. रबर वर्गात आणायचं नाही. चुकलं तर वरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं — 'पुस्तकात काय छापलंय ते मी वाचलेलं आहे,' म्हणाले. आणि 'मी' लिहायचं नाही! 'मी वजन लावले' असं नव्हे, 'वजन लावण्यात आले' असं. मागून कुणीतरी विचारलं, 'मग लावलं कुणी?' सगळा वर्ग हसला. मास्तर नाही हसले.

शेवटी एक मथळा हवाच — 'चुकीची कारणे'. उत्तर चुकलं तर का चुकलं ते तिथं मांडायचं. 'यंत्र जुने आहे' हे चालणार नाही. 'दैव' तर मुळीच नाही. (गेल्या वर्षी ते मीच लिहिलं होतं. यांना कुणी सांगितलं?)

मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला बिरप्पा आला, वळसंगचा, धनगराचा. नशीबच म्हणायचं. वर्गात पहिला नंबर त्याचाच, आणि मदत केली तरी मिरवत नाही.

८ जानेवारी

सूतगिरणीच्या इंजिनघरात आमच्या वर्गातला एक जण कामाला घेणार आहेत. नाव मास्तर देणार. अप्पा आज जेवताना तीनदा म्हणाले, 'शिवयोगी, बघ.' बघायचं काय त्यात! नाव बिरप्पाचं जाणार हे वर्गाच्या भिंतींनाही ठाऊक आहे. माझा नंबर दुसरा. दुसऱ्याला गिरणीचा पहारेकरीसुद्धा विचारत नाही.

९ जानेवारी

आज सूत तोडलं. गिरणीनंच लडी पाठवल्या आहेत. लड यंत्राच्या आकड्याला अडकवायची, चाक फिरवायचं, लड ताणत जाते आणि फाटकन तुटते. तुटताना तबकडीवरचा काटा किती रत्तलांवर होता ते वाचायचं. बिरप्पा वाचत होता, मी लिहीत होतो. तो काट्यावरची नजर न काढता ओरडायचा — 'पंचेचाळीस! सत्तेचाळीस! त्रेपन्न!' — रानात पाखरं हाकलतोय जणू. बोटं दुखून आली, पण एक आकडा सुटू दिला नाही मी. आणि एकही रेघ नाही, डाग नाही. कागद बघत राहावा असा!

खाली दोघांनी सह्या करायच्या होत्या. मी म्हटलं, 'एकदा नजर टाक.'

'तू लिवलंस म्हंजी बराबरच असंल की,' म्हणाला आणि सही करून मोकळा झाला. कागद तिथल्या तिथं मास्तरांकडे गेला.

११ जानेवारी

मास्तरांनी आम्हा दोघांना उभं केलं. हातात आमचा कागद.

'एकाच सुताची एक लड पस्तिसाला तुटते आणि दुसरी चौऱ्याहत्तराला? हे सूत आहे की तमाशा?'

उरलेल्या लडी त्यांनी सर्वांसमोर स्वतः तोडून दाखवल्या. सगळ्या पन्नासाच्या अलीकडे-पलीकडे. मग विचारलं, वाचलं कुणी? बिरप्पा म्हणाला, 'म्या.' लिहिलं कुणी? मी हात वर केला. त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला. 'लिहिणाऱ्याचा दोष दिसत नाही. स्वच्छ लिहिलंय.' मग बिरप्पाकडे वळले. 'एक तर तुला दिसत नाही, नाहीतर तू मनाला येईल ते सांगतोस. इंजिनघरात वाफेचा काटा असा वाचलास तर माणसं मरतील. गिरणीला तुझं नाव मी कोणत्या तोंडानं देऊ?'

बिरप्पानं मान यंत्राकडे वळवली. तबकडीकडेच बघत होता, तीच काही सांगेल असं वाटून.

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण इथं खोटं कशाला लिहू — पोटात कुठंतरी जरा बरंही वाटलं.

१२ जानेवारी

रविवार. भवानी पेठेत अप्पांच्या सुताच्या दुकानात बसलो होतो. करकंबचं एक गिऱ्हाईक सुताचे गठ्ठे उचलत होतं, नंबर मोठ्यानं सांगत होतं आणि मी टिपत होतो. 'त्रेचाळीस!' मी लिहिलं ३४. धाकटी बहीण दाक्षायणी अप्पांचा डबा घेऊन आली होती. तिनं वाकून बघितलं आणि टाळी वाजवली — 'अण्णा, मत्त उल्टा बरदी!' पुन्हा उलटं लिहिलंस, म्हणून.

ती खिदळत होती आणि मी त्या ३४ कडे बघत राहिलो.

आम्ही घरात कानडी. कानडीत चाळीस आधी येतात, तीन मागून — नलवत्मूरु. मराठीत तीन आधी, चाळीस मागून. कानावर आधी पडेल ते हातातून आधी उतरतं. मराठी शाळेत याच पायी बाकावर उभा राहायचो. पोरं 'उलटा कानडी' म्हणून पाठीमागं लागायची. त्या नावानं किती रडलोय मी! खोड मोडली असं समजून चाललो होतो. कुणी भराभर सांगितलं की अजून होतं म्हणायचं.

पस्तीस नव्हतेच ते. त्रेपन्न. चौऱ्याहत्तर नव्हतेच. सत्तेचाळीस. बिरप्पानं सगळं बरोबर वाचलं होतं!

उद्या मास्तरांना सांगायचं. वर्ग भरायच्या आधीच.

१३ जानेवारी

सांगण्यात आले नाही.

(काय सोयीचं मराठी शिकवलंय मास्तरांनी! न सांगणारा कुठं दिसतच नाही.)

त्यांनी माझं जर्नल वर्गात फिरवलं. असं लिहावं, म्हणाले. ते हातोहात फिरत असताना उठून काय सांगू? की मला अजून आकडे लिहिता येत नाहीत? उद्यापासून गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी. सुट्टीनंतर बघू.

१७ जानेवारी

गड्ड्यावर बिरप्पा भेटला. पाळणे नाहीत, चिवडा नाही, काही नाही — हा गडी लांब उभा राहून दुकानांवरच्या पाट्या वाचत होता. मला म्हणाला, 'तू जवळ जाऊन बघ, मी हितनं वाचतो. चुकतंय का सांग.' मी गेलो. त्यानं तपकिरीच्या दुकानाची पाटी वाचली, फोटोवाल्याची वाचली, पार पलीकडच्या सर्कशीच्या तंबूवरची बारीक ओळही वाचली. एक अक्षर चुकलं नाही.

'दिसतंय की रं. मग काट्याच्या टायमालाच काय हुतंय कळंना.' मग हळू आवाजात — 'माज्या मामाचं डोळं असंच गेलं. आदी थोडं थोडं चुकायचं. मग समदाच अंधार.'

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. अख्खं वाक्य जिभेवर होतं. आणि मी काय बोललो? 'एकदा दाखवून घे कुणाला तरी.'

हे माझ्या तोंडून गेलं! सल्ला दिला मी त्याला! वर खांद्यावर हातही ठेवला.

२२ जानेवारी

गिरणीला माझं नाव गेलं. अव्वानं गोड म्हणून हुग्गी केली. घास फिरत राहिला तोंडात. तिला वाटलं गूळ कमी पडला. अप्पा शेजाऱ्यांना बोलावून बोलावून सांगत होते. मी नीच आहे.

२४ जानेवारी

बिरप्पा जर्नल पुरं करत होता. मी शेजारीच. 'चुकीची कारणे' हा मथळा घालून त्यानं लिहिलं — 'वाचणाऱ्याची दृष्टी अ' — आणि थांबून मला विचारलं, 'अधूमधला धू दीर्घच ना रं?'

मी म्हणालो, 'हो, दीर्घ.'

३ फेब्रुवारी

बिरप्पा वर्गात नाही. त्याच्या खोलीतला चनबसप्पा म्हणाला, पेटी घेऊन वळसंगला गेला. 'मी कितीदा सांगितलं, परीक्षा तर दे की. तर म्हणतो, काटा दिसंना त्यानं इंजिनाजवळ कशाला जावं? मेंढरं बरी. ती न दिसली तरी वरडत्यात.'

चनबसप्पा हसला ते सांगताना. मीही हसलो. का हसलो?

७ फेब्रुवारी

उद्या नक्की.

८ फेब्रुवारी

मास्तरांच्या दारापर्यंत गेलो. आत पाहुणे होते. बरं झालं असं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच किळस आली. परत आलो.

१२ फेब्रुवारी

सांगितलं! मी सांगितलं. मी!

प्रयोगशाळेत मास्तर एकटेच होते. दारातूनच सुरुवात केली, नाहीतर पुन्हा मागं फिरलो असतो. सगळं सांगितलं — कानडी, मराठी, त्रेपन्न, पस्तीस, बाक, 'उलटा कानडी', सगळं. त्यांना आधी पटेना. खडू माझ्या हातात देऊन भराभर आकडे ओरडायला लागले. 'सदुसष्ट! अडतीस! चोवीस! ब्याण्णव!' मी मुद्दाम काही केलं नाही. फळ्याकडे पाहिलं तर ब्याण्णवाच्या जागी २९ उभे.

मास्तर खुर्चीत बसले. रागावतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते म्हणाले, 'मी लिहिणाऱ्याला एक प्रश्नही विचारला नाही. कागद स्वच्छ होता म्हणून!' मग एकदम चढ्या आवाजात — 'आणि तुला कळलं कधी?' मी तारीख सांगितली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा छडी परवडली असती.

कपाटातून तो कागद काढून पुढं ठेवला. नियम माहीत आहे ना, म्हणाले. प्रत्येक उलट्या आकड्यावर एक रेघ, वर सुलटा आकडा, शेजारी सही. कागदाची पार रांगोळी झाली. त्यांनी नव्यानं सरासरी काढली. गिरणीनं कळवलेल्या आकड्याशी बरोबर जुळली.

गिरणीला उद्याच चिठ्ठी जाणार, बिरप्पाच्या नावाची. 'त्याला तू स्वतः जाऊन सांग,' म्हणाले.

घरी अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ताटावरून उठून गेले. अव्वानं त्यांचं ताट झाकून ठेवलं. असू दे. कितीतरी दिवसांनी भाकरी गोड लागली. रविवारी वळसंग. बिरप्पा चार शिव्या देईल, पाठीत एक गुद्दा घालील, मग सोलापूरला परत आणतो त्याला.

१६ फेब्रुवारी

वळसंगला जाऊन आलो.

बिरप्पा घरापुढं घोंगडीवर बसला होता. दोन्ही डोळ्यांवर फडकं. त्याची आई, चिमाबाई, म्हणाली, 'वैदू आला हुता. दाखवून घ्यायचं, दाखवून घ्यायचं म्हणून ह्यानं धोसरा लावल्याला. त्यानं अंजन घातलं. लई आग झाली. तवापासनं उजेडच न्हाय.'

मी सगळं सांगितलं. उलटे आकडे, मास्तर, गिरणीची चिठ्ठी. तो माझ्या आवाजाकडे तोंड करून ऐकत होता. शिवी दिली नाही. एवढंच विचारलं —

'म्हंजी माजं डोळं चांगलं हुतं व्हय?'