पोफळबेटाला न गेलेली तार

॥ श्री ॥
पोफळबेट, ता. ८ मे १९५३

ती. नाथादादास,
शि. सा. न. वि. वि.

पोचले एकदाची! होडीत माणसं आंब्याच्या पेटीसारखी रचलेली. सासूबाई कुणा परक्याच्या वळकटीवर बसून आल्या आणि वर त्यालाच दटावत होत्या, की वळकटी धड बांधता येत नाही. ह्यांच्या मामांची वाडी समुद्राला लागूनच आहे. पण बेटावर सध्या पाय ठेवायला जागा नाही. मुंबईची चाकरमानी मंडळी घरोघर उतरली आहेत, आणि पावसाच्या आत आमसुलं, फणसपोळ्या उरकायची गावाला कोण घाई! बारा वर्षांत पहिली सुट्टी म्हणे. अरे, सुट्टी पुरुषांची. आमची नुसती चुलीची बदली. डोंबिवलीच्या चुलीपुढून उठले ती इथल्या चुलीपुढे बसले. पण खरं सांगू? संध्याकाळी मंदा आणि मी पाण्यात पाय सोडून बसतो तेव्हा फार बरं वाटतं. सहा वर्षांची पोर, पण समुद्राचा रीतसर निरोप घेतल्याशिवाय घरी येत नाही.

बाबांचा दमा कसा आहे? ढग आले की त्यांचं वाढतं. कमी-जास्त वाटलं तर लगेच तार कर. समोरच्या बंदरावर तार आली की धाकू होडीवाला घेऊन येतो. मागे दोनदा मी उगीच धावत आले, बाबा आपले खाटेवर बसून पेज पीत होते, आणि सासूबाईंनी मला वर्षभर ऐकवलं. तरी तिसऱ्यांदाही येईन. माझी शपथ आहे तुला. नाहीतर आम्ही वीस तारखेला परततोच.

आईला नमस्कार. पत्र धाडलं नाहीस तर भांडेन, आशीर्वाद मात्र आधीच मागून ठेवते.
तुझी शकू


टेंभी नाका, ठाणे
ता. १३ मे १९५३

रा. रा. रघुनाथराव यांस,
नमस्कार.

हे पत्र वाचून फाडून टाकावे. काल मंगळवारी सकाळी बाबा गेले. दोन दिवस दमा जोरात होता. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. दुपारच्या आत सगळं आटोपलं. आई ठीक आहे, म्हणजे बसून आहे.

शकूला इतक्यात सांगू नका. पोरीची सुट्टी मोडू नका, असं बाबांनीच सांगितलं होतं. आता धावत येऊन ती पाहणार तरी काय? तुम्ही विसाला याल तेव्हा तिला इथे आणूनच सांगा. दहावं एकविसाला आहे.

सोबत तिच्यासाठी वेगळं पत्र ठेवलं आहे, बाबा बरे आहेत असं लिहिलेलं. ते तिला द्यावं. लिहिताना हात कुठे अडला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

तुम्ही जावई असलात तरी घरचेच आहात, सांभाळून घ्यावं.
आपला नाथा


॥ श्री ॥
डोंबिवली, ता. ३० मे १९५३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दिवसकार्यात घर माणसांनी भरलेलं, आपलं दोघांचं बोलणं झालंच नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र ह्यांनी पंधरा तारखेला माझ्या हातात दिलं. बाबांचा खोकला उतरला, पायरीची अढी घातली, शेजारच्या कमळाबाईंची मांजर व्याली, सगळं लिहिलंस. पण माथ्यावर श्री नव्हता. अरे, वाण्याची यादी लिहितानाही तू आधी श्री काढतोस! खोटं लिहायला तुझा हात तयार झाला, पण सुतकात श्री लिहायला झाला नाही. मी समजले.

कुणाला काही बोलले नाही. धाकूला गाठून होडीत जागा विचारली, तर वीस तारखेपर्यंत एक नाही. मग ह्यांना सांगून तरी काय करायचं? ह्यांना वाटे मला ठाऊक नाही. मंदा शिंपले वेचत होती, सासूबाई भावाच्या घरी खुशीत होत्या. एका पहाटे समुद्रावर जाऊन डोक्यावरून अंघोळ केली. पाच दिवस आमसुलं वाळत घातली, उलटली, बरण्यांत भरली. हसायच्या ठिकाणी हसलेही. रडू आलं नाही. अजून येत नाही. आई माझ्या गळ्यात पडून आक्रोश करत होती तेव्हा मी तिचा पदर सारखा करत होते. मागे बायका म्हणाल्या, पोरगी दगडाची आहे. असेन.

तुझ्यावर राग नाही. बाबांनीच नको म्हटलं, असं ह्यांनी सांगितलं, तेवढा एकच आधार आहे. त्यांनी बोलावलं नाही म्हणून मी गेले नाही, असं रोज मनाशी म्हणते आणि भाकऱ्या थापते. ते कधी म्हणाले, कसं म्हणाले, मला सगळं लिही. त्यांचे शब्द लिही.

आईला जप, स्वतः वेळेवर जेव. माया आहे तशीच ठेव.
तुझी शकू


॥ श्री ॥
टेंभी नाका, ठाणे
ता. २ जून १९५३

चि. सौ. शकूस,
अनेक आशीर्वाद.

बाबा तसं म्हणाले नव्हते.

रविवारी संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि शकूला बोलाव म्हणाले. सोमवारी सकाळी मी पोस्टात गेलो, तारेचा कागद भरला. लगीनसराईचे दिवस, खिडकीपुढे ही रांग. रांगेत उभा असताना मनात आलं, मागच्या दोन वेळांसारखंच झालं तर? पुन्हा तू तोंडघशी पडशील, पुन्हा वर्षभर ऐकून घेशील. एकदा घरी जाऊन बघून येऊ म्हटलं. आलो तर बाबा खरंच उठून बसलेले, अर्धी वाटी पेज घेतलेली. तार केलीस का, म्हणून त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. आई स्वयंपाकघरात होती, तिला यातलं काही ठाऊक नाही.

दिवसभर ते दाराकडे बघत होते. तुझा आधार काढून घेतोय हे कळतं मला. पण तुला दुसऱ्यांदा खोटं लिहवत नाही. त्यांचे शब्द मागितलेस, म्हणून लिहितो. मंगळवारी सकाळी मी पाणी पाजत होतो. शकूला होडी मिळाली नसेल रे, मे महिन्यात फार गर्दी असते, असं म्हणाले आणि माझीच समजूत घातली. त्यानंतर बोलले नाहीत.

लोभ असावा असं या खेपेस मागत नाही.
नाथा