ऑस्बर्टच्या झाडाची फांदी

२ जुलै, बुधवार
फांदी तडकली! काल वाटलं वाऱ्याचा आवाज असेल. आज शिडी लावून पाहिलं — बेचक्यातल्या फटीत बोट जातं. अख्खं बोट. नीरफणसाचं लाकूड म्हणजे पावासारखं. आणि ही फांदी माझ्या कमरेएवढी, माझी कंबर काही लहान नाही. थेट लिसेलच्या खोलीच्या पत्र्यावर आडवी. नातीला नववा महिना लागलाय.
"आजी, खाली उतर, मोडशील!"
मी नाही मोडत. ती मोडेल.

३ जुलै
हॉलिसला बोलावलं. यंत्राची करवत खांद्यावर टाकून आला, जसा लढाईला निघालाय.
"मावशी, खोडाशी सपाट मारतो. एकदम गुळगुळीत. वरून रंग लावतो."
रंग! गेल्या साली पाद्रीबाबांचा आंबा यानेच गुळगुळीत केला. आता त्या खोडात वाळवी नांदते. म्हटलं, मेल्या, इकडे ये, हात लाव. फांदी खोडाला मिळते तिथे ही जाड वळी आहे ना, म्हाताऱ्याच्या मानेसारखी सुरकुतलेली? ती झाडाची. जखम तीच भरते. ती कापलीस की भोक कायमचं. आणि लांब खुंट सोडलास तर तो कुजत आत जातो. वळीच्या जरा बाहेर, एवढंच.
कोकोच्या मळ्यात अकरा वर्षं छाटणीच्या टोळीत होते. एकटी बाई. लिहायला धड येत नाही पण झाड वाचता येतं.
हॉलिस म्हणतो, "मग उतरत्या चंद्रात कापू. दहाला पौर्णिमा. चढत्या चंद्रात कापलं तर चीक थांबत नाही, झाड सुकतं."
सगळा गाव तेच म्हणतो. मीही म्हणायचे. म्हटलं, दहा तारखेपर्यंत फांदी थांबेल का, ते चंद्रालाच विचारून ये.

४ जुलै
लिसेलला जीभ नाही, घंटा आहे. बापाला फोनवर सगळं सांगून बसली.
ऑस्बर्ट ब्रुकलिनला बस चालवतो. मंगळवारी त्याची छाती उघडणार आहेत. हृदयाची झडप गेलीय. दोन महिने मी त्याबद्दल इथे लिहिलं नाही. आज लिहिते.
"आई, माझ्या झाडाला कोयता लावायचा नाही."
"फांदीला लावतेय, झाडाला नाही."
"माझी नाळ आहे त्याच्याखाली! तूच सांगायचीस — याला मारलंस तर तुलाच लागेल."
सांगायचे. सात वर्षांचा होता, सुरी घेऊन साल सोलत बसायचा. दुसरं काय सांगणार होते?
"तुझी पोर त्या फांदीखाली झोपते रे."
तर रडायलाच लागला. एकावन्न वर्षांचा बाप्या! "फक्त मंगळवार जाऊ दे, आई. मला तिथे टेबलावर शांत झोपू दे. शपथ घे."
हातात पळी होती. तशीच घेतली शपथ.
मला जे ठाऊक आहे ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. पन्नास वर्षं झाली, आता तर नाहीच.

५ जुलै
आज दोन बोटं जातात.

६ जुलै, रविवार
चर्चमध्ये सगळे ऑस्बर्टसाठी प्रार्थना करत होते आणि मी छपराकडे बघत होते. बाहेर आलो तर रेडिओवर वादळ. सोमवारी संध्याकाळनंतर बेटावर धडकणार.
लिसेलची खाट पुढच्या खोलीत ओढली. काय उपयोग, घराला आढं एकच. फांदी बसली की सगळंच बसेल. म्हटलं हॉलिसकडे जा. म्हणे, "त्याच्या बायकोच्या घोरण्यापेक्षा फांदी परवडली." शाळेत आसरा उघडलाय. म्हणे, या पोटाने बाकावर कशी झोपू? आजीवर गेलीय, दुसऱ्या कुणाला दोष देणार.
दुपारभर झाडाखाली बसून विचार केला. फांदी आपण होऊन पडली तर खाली जाताना खोडाची साल सोलत नेईल, पार मुळापर्यंत. मग झाडही जाईल. म्हणजे शपथ पाळली तर पोर जाईल, नाहीतर झाड, नाहीतर दोन्ही. शपथ मोडली तर — ऑस्बर्टचं मन. ते परवा शाबूत हवंय.
पण त्याला कोण सांगणार आहे?

७ जुलै, सोमवार
बोटं अजून चिकाने चिकटतायत, अक्षर वाकडं येईल.
सकाळी हॉलिस आला तो करवत न घेताच. "चंद्र चढता आहे मावशी. उद्या ऑस्बर्टला कापणार. मी आज त्याचं झाड कापायचं? काही झालं तर गाव मला जगू देईल?"
"मग दोर धर. करवत मी धरते."
"एकाहत्तराव्या वर्षी?"
"बहात्तराव्या वर्षापर्यंत वारा थांबणार आहे का?"
लाजला. टोकाकडच्या लहान फांद्या तेवढ्या त्याने उतरवल्या, एकेक दोराने सोडत. वजन घटलं. मोठ्या फांदीला वरच्या बेचक्यातून दोर घेतला. मग मी सात पायऱ्या चढले. हातकरवत. यंत्र नाही — यंत्र थांबव म्हटलं की थांबत नाही.
पहिला काप खालून. खोडापासून हातभर लांब, एक तृतीयांश, बस. म्हणजे साल तिथेच तुटते, सोलत येत नाही. दुसरा वरून, आणखी वीतभर पुढे. कापत गेले, कापत गेले — कडाड! दोर ताणला, हॉलिस आडवा झाला, फांदी पत्र्याला टेकता टेकता अंगणात. त्याने आईची आठवण काढली, देवाची नाही.
उरला खुंट. आता वळीच्या बाहेर शेवटचा काप. करवत टेकवली आणि हात चालेना. पांढरा चीक मनगटावर ओघळत होता, कोमट. वाटलं, उद्या याच वेळी तिकडे — मला ठाऊक असून! मला एकटीला ठाऊक असून!
"मावशी, राहू दे," हॉलिस खालून.
म्हणून कापला. वळीला दातही लागू दिला नाही. रंग नाही, चुना नाही. उघडं सोडलं.
लिसेल दारातून, "बाबांना सांगू का?"
"ही करवत अजून हातात आहे."
वारा सुरू झालाय.

८ जुलै
स्वैपाकघराचे दोन पत्रे गेले. घर आहे. लिसेल आहे. झाड उभं आहे.
फोन मेलाय. खांब रस्त्यात आडवा. दहा वाजता ऑस्बर्टला आत नेलं असेल. बारा वाजता उघडाच असेल. चार वाजता — नाही माहीत.
हॉलिस दोनदा गेला रस्त्याने, माझ्याकडे न बघता.

९ जुलै
फोन मेलेलाच. चीक थांबला, वाळून पापडी धरली. चांगलं लक्षण. झाडाचं. बाकी कशाचं लक्षण मानायला मी काय खुळी आहे? सकाळपासून पाचदा बघून आले.

१० जुलै
फोन लागला! ऑस्बर्टची बायको बोलत होती. मंगळवारी सहा तास लागले, मध्ये एकदा हृदय चालूच होईना. मग झालं. काल शुद्धीवर आला. फोन त्याच्या कानाला धरला तिने. आवाज कसला, नुसती हवा.
"आई. झाड?"
"उभं आहे."
यात खोटं काय आहे?
हॉलिस धावत आला, "मी म्हणालोच होतो काही होणार नाही!" हाकलणार होते. पण दोर धरला होता त्याने. पडलेल्या फांदीवरचे नीरफणस नारळाच्या दुधात खारं मांस घालून शिजवले, पातेलंभर वाढलं. बायकोला न नेता तिथेच संपवलं.

१७ जुलै
लिसेलला मुलगी झाली. ओरडते छान.

२६ जुलै
नाळेचा तुकडा गळून पडला. लिसेल म्हणाली, "आजी, हिचीही बाबांच्याच झाडाखाली पुर. दोघांची शेजारी राहू दे."
खणलं. शेजारी काही नव्हतं. कधी नव्हतंच. एकावन्न वर्षांपूर्वी ऑस्बर्टच्या नाळेची डबी ओट्यावर ठेवून मी खड्डा खणायला गेले आणि शेजारणीच्या कुत्र्याने ती पळवली. सासू विचारत आली, पुरलीस का? पुरली म्हटलं, आणि रिकाम्या खड्ड्यावर रोप लावून टाकलं.
आज कुत्रं आधी बांधलं. मग डबी पुरली, वर दगड ठेवला, आणि अंधार पडेपर्यंत दगडावर बसून राहिले.