माणिकरावांची टाचणी

चि. प्रियांकाला झरीहून मुंजाजीमामाचा पोटभर आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल. तू वेळेवर जेवतीस ना, का नुसती त्या यंत्रापुढंच बसतीस? (फोनच केला असता, पण तुझी आई हितंच मुक्कामाला हाय अन् कान देऊन बसती, म्हणून कागद.)

काल तुझ्या भागवतचे वडील माणिकराव ताडकळसहून लग्नाच्या बोलणीला आले. तू पसंत, घर पसंत, फक्त लग्नानंतर संशोधन बंद, एवढीच अट. पेन्सिलीच्या शिशाला चुंबक करणं ही काय नोकरी हाय, म्हणले. माझं डोकंच फिरलं! तू शिकवलेलं सगळं म्हणून दाखवलं. शिशाचा अणूभर पातळ पदर म्हणजे ग्राफीन, त्यात वीज लय सुसाट पळती, पण चुंबकपणा औषधालाबी न्हाई. तो पदर चुंबकी थरावर ठेवला की संगतीनं त्यालाबी चुंबकपणा येतो, अन् मग इलेक्ट्रॉनच्या गिरकीवर, थोडक्या विजेत चालणारी यंत्रं निघतील. (गिरकी समजावताना म्या स्वतः उठून घेतली, तवा चहाचा ट्रे लवंडला. तुझी मामी अजून बोलत न्हाई.)

माणिकराव ढिम्म. मग म्या प्रयोगच मांडला. कागदावर पेन्सिल घासली, चिकटपट्टीनं पापुद्रा उचलला, पट्टी चुंबकावर ठेवली अन् वर टाचणी सोडली. चिकटली! म्या मिशीवर हात फिरवला (मिशी न्हाई, तरी फिरवला). तर ह्या माणसानं चष्मा चढवला, माझी पट्टी काढून दुसरी कोरी पट्टी ठेवली अन् टाचणी परत सोडली. तीबी चिकटली! मग ओढतंय कोण, तुमचं शिसं का खालचा चुंबक, म्हणले. खरं सांगतो पोरी, तुझं लग्न अन् तुझं काम दोन्ही माझ्या हातानं बुडालं, असंच वाटलं. शेवटी धीर करून म्हणलं, पाव्हणं, हेच तर पोरगी शोधायलीय! माणिकराव पोहे सोडून टाचणीकडंच बघत बसले. मग म्हणले, ह्याचा निकाल लागेपर्यंत सूनबाईनं काम सोडायचं न्हाई, मला उत्तर पाहिजे. झाली बोलणी पक्की!

तुझाच,
मुंजाजीमामा

ता. क. चुंबक तुझ्या प्रयोगशाळेतला म्हणून म्या ठोकून दिलं. तो देवळाच्या भोंग्यातला हाय, अन् माणिकराव खिशात घालून घेऊन गेले. परवा भजन हाय. तसलाच एक गुपचूप धाडून दे.

आणखी एक. उत्तर सापडलं तरी माणिकरावांना एवढ्यात कळवू नको. तू रिटायर झालीस की सांगू निवांत.