मुलाच्या काकांना मी पकडलं त्याबद्दल

ती. सुखदेवमामांना,

तेजस्विनीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला जिना चढू देत नाहीत असं कळलं. त्यांचं ऐका (फौजेतही तुम्ही कुणाचं तरी ऐकतच होतात).

आधी मनापासून आभार मानते, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही ते घेणार नाही. तुम्ही आणलेल्या केदारच्या स्थळाचं काय झालं ते आईने फोनवर रडून सांगितलं असेलच. आता माझी बाजू ऐका.

सुट्टीत तुम्ही आम्हा मुलींना सावधपणा शिकवलात. रोजचं चित्र डोक्यात पक्कं ठेवा, त्यात न बसणारा माणूस हेरा, एका खुणेवरून घाबरू नका, तीन जमल्या की गप्प बसू नका. गुरुवारी बिबवेवाडीत आमच्या इमारतीखाली असाच एक गृहस्थ उभा होता. एप्रिलच्या उन्हात अंगात जाकीट. ही पहिली खूण. समोरच्या वाण्याला तो विचारत होता, वरची मुलगी किती वाजता परतते, सोडायला कोण येतं. ही दुसरी. मग तो माझ्याच बसमध्ये चढला आणि कोथरूडला, मी शिकवते त्या क्लासपाशीच उतरला. आता तुम्हीच सांगा!

क्लासच्या जिन्यात मी वळून मोठ्याने विचारलं, "कोण आपण? माझ्या मागे का येताय?" त्याने घाबरून जाकिटात हात घातला. (हात दिसत नसेल तर धोका, हे वाक्य तुमचंच.) मी ओरडले, "हात बाहेर काढा!" हात बाहेर आला आणि त्यात माझाच फोटो, पिवळ्या साडीतला. मग मुलांना सोडायला आलेल्या आया मी काही सांगायची वाट बघत थांबल्या नाहीत. त्यांनी त्याला भिंतीशी घेरलं.

"अगं पोरी, मी केदारचा चुलता हाय, हिंदुराव! चौकशीला आलोय!"

त्यावर एक आजोबा शांतपणे म्हणाले, "आपली चौकशी करून झाली असेल तर बसा. आता आपलीच होईल."

मुलीची चौकशी मुलीला न कळवता करतात, हे तुमच्या धड्यांत नव्हतं मामा. काकांना पाणी दिलं. ते रिक्षात बसता बसता फोनवर सांगत होते, "पोरगी लई तिखट हाय." तेव्हापासून त्यांच्याकडून निरोप नाही. आई माझ्याशी बोलत नाही आणि बाबा मोरीत जाऊन हसून येतात.

पण खरं सांगते, पूर्वी कुणी मागे आलं की मी मान खाली घालून रस्ता बदलायचे. या वेळी माणूस चुकला, पण आवाज फुटला. मला कॉलेजात पाठवायला बाबांना तुम्हीच राजी केलंत. घरातली पहिली पदवी माझ्या नावावर असली, तरी हा आवाज तुमचा आहे. हे उपकार मी विसरणार नाही. स्थळाचं म्हणाल तर गेलं तर गेलं. मी एम.ए. करीन, समाजाला माझी गरज आहे.

तुमची,
तेजस्विनी

ता.क. हिंदुरावकाकांना माझ्यातर्फे माफी कळवा. ओरडल्याबद्दल नाही, चहा न देता पाठवल्याबद्दल.

आणखी ता.क. चौकशी त्यांनीच का करावी? म्हणून मार्केट यार्डात केदार हिशेब बघतो त्या गाळ्यावर मीही जाऊन आले. हमालांना तो अहो-जाहो करतो. बाबांच्या वयाच्या एकाला स्वतःची खुर्ची दिली. मी बघतच राहिले, तर मला न ओळखता म्हणाला, "ताई, कांदा सुटा मिळत नाही, गोणीच घ्यावी लागेल." घेतली. तेव्हा मामा, आजच फोन करून केदारच्या घरच्यांना रविवारी बोलवा. पोह्यांना कांदा भरपूर आहे, आणि त्याला 'ताई' म्हणायची सवय लागायच्या आत थांबवलं पाहिजे.